रडून दाखवा, मावशी

"मावशी, जरा रडून दाखवा."

हे आमच्या विभागप्रमुख सरांनी माझ्या मायला सांगितलं. कॉलेजच्या सभागृहात, स्टेजवर, माइकसमोर. त्यांच्या अहिराणी लोकगीतांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. पुस्तकातली निम्मी गाणी मायची. मुखपृष्ठावर नाव सरांचं.

मी त्यांच्याच हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवत होते. दर जूनला सरांनी मान हलवली तर वर्ष पदरात, नाहीतर घरी. सर म्हणाले, आईंना घेऊन या. घेऊन गेले. न नेऊन सांगते कोणाला?

आमच्याकडे मयत झाली की बायका हेल काढून रडतात, गेलेल्याचं आयुष्य गात गात. माय त्यात नावाजलेली. गावात कुणी गेलं की तिला बोलावणं यायचं. मोठ्या घरी ती अंगणात बसून रडायची. तिचं रडणं त्यांना चालायचं, ओट्यावर बसणं चालत नव्हतं. आणि एक गोष्ट आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मयत नसताना ते रडणं तोंडातून काढायचं नाही. अशुभ.

त्या दिवशी आधी सरांचं भाषण झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्राध्यापक-लेखकाबद्दल. तो आफ्रिकान्समध्ये लिहायचा. त्या भाषेला लोक स्वयंपाकघरातली भाषा म्हणून हिणवायचे, तरी गड्याने आयुष्यभर तिच्यातच लिहिलं, विद्यापीठात तिला मान मिळवून दिला. सरांचा आवाज भरून आला होता. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मी लहानपणी वर्गात 'आहे'च्या जागी 'शे' म्हणाले म्हणून बाकावर उभी राहिलेली पोरगी. अहिराणीत चोरून कथा लिहिणारी. मला वाटलं, सर माझंच सांगताहेत.

मग त्यांनी मायला बोलावलं.

मायने विचारलं, "पन कोन मरनं, सर?"

सभागृह हसलं.

"कोणी नाही हो. समजा, मीच मेलो."

पुन्हा हसू. मायने कानाला हात लावला. "आसं नका बोला. तुम्हनं घर भरेल शे."

सरांनी घड्याळात बघितलं. मायने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात दुसरा माइक होता, अर्थ सांगायला. मी मान खाली घातली. मग तिने तोंडावर पदर ओढला आणि जिवंत माणसावर अशुभ नको म्हणून आपल्याच मेलेल्या माणसाला हाक मारली. माझ्या बापाला. तो पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता.

"तांब्या भरेल ऱ्हायना रे धनी, तू निंघी गया..."

"मॅडम, अर्थ सांगा," सर मला म्हणाले.

मी सांगितला. शुद्ध मराठीत. "तांब्या भरलेलाच राहिला, धनी, तू निघून गेलास." माझ्या बापाचं मरण मी प्रमाण भाषेत वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले होते. वाटलं, ही जमीन फाटावी.

तेवढ्यात कॅमेरावाला सरांच्या कानाशी लागला. सर म्हणाले, "मावशी, सुरुवातीचं रेकॉर्ड झालं नाही. पुन्हा एकदा, पहिल्यापासून."

आणि माय पुन्हा पदर ओढायला लागली. नाक पुसून. सांगितलं म्हणून.

"नाही," मी म्हणाले. माइक चालू होता. "उतर, माय."

शहादा स्टँडवर आलो. माय पाणी शोधत होती. रडून आल्यावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात पाय ठेवत नाहीत. नळाखाली बसून तिने डोक्यावरून पाणी घेतलं, अंगावरच्या चांगल्या साडीसकट. लोक बघत होते. ओल्या अंगाने बसमध्ये बसली आणि म्हणाली, "तुन्ही नोकरी जाई का आते?"

गेली. जूनमध्ये निरोपच आला नाही. विचारायला गेले तर सर म्हणाले, विद्यार्थी कमी आहेत. मी काहीच करू शकले नाही. तो व्हिडिओ अजून फिरतो, टाळ्यांसकट. तोही काढता आला नाही. परवा मायची सख्खी बहीण वारली. माय प्रेताशेजारी मुकी बसून राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "गळामातून निंघत नही व." बहिणीला रडून निरोप देता आला नाही. हे कोणी भरून देणार आहे?

त्या आफ्रिकान्सबद्दल मी नंतर वाचलं. ती भाषा पुढे गोऱ्या सरकारची होऊन खुर्चीवर बसली आणि शाळाशाळांतून काळ्यांच्या लेकरांच्या तोंडात कोंबली गेली. सरांनी तेवढं सांगितलं नव्हतं.

आता मी कथा उघड अहिराणीत लिहिते. प्रकाशक खाली मराठी अर्थ द्या म्हणतात. देत नाही. पुस्तक छापू नका, चालेल. त्या व्हिडिओतली ती एक ओळ सोडली तर मायचं रडणं मी कुठेही उतरवलेलं नाही, उतरवणारही नाही. ज्याला ऐकायचं असेल त्याने आमच्याकडे मयतीला यावं आणि अंगणात खाली बसावं. त्याला अर्थ सांगायला मी उठणार नाही.