कवितेतला नांगर

आता हा किस्सा सांगायला बसलोय खरा, पण मला सगळं नीट आठवतंय का, याची माझी मलाच शंका आहे. तो दिवस मंगळवार होता की बुधवार, विचारू नका. दोन शब्द मात्र पक्के ऐकले होते. निदान तशी माझी समजूत होती.

गोष्ट २०१४ ची. माझी बायको सुलभा डहाणूच्या एका दवाखान्यात शेवटच्या आजारात होती. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमची मुलगी मेधा. मी डोळे मिटून शाळेत पाठ केलेली एक जुनी कविता म्हणत होतो. पहाट, पाण्यावरचा उजेड, पाखरं. हे सगळं नुसतं बघत बसावंसं वाटतं, आणि शेवटी कवी स्वतःला बजावतो, पुरे झालं, नांगर उचल! सौंदर्य आहेच, पण कामही वाट बघतंय. सबंध संसारात मी ती किती वेळा म्हटली असेल, देव जाणे.

शेवटची ओळ यायच्या आतच सुलभाचा क्षीण आवाज आला. "नांगर उचला."

बघा! कवितेत 'उचल' आहे. तिने मला अहो-जाहो करून 'उचला' केलं. त्यानंतर ती फारसं बोललीच नाही, आणि गेली.

आता सांगा, बायकोची शेवटची इच्छा कोण मोडेल?

मी मातीच्या रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस. जन्मभर माती पाहिली ती परीक्षानळीत. पण तलासरीजवळ आमचा जमिनीचा एक तुकडा होता, सुलभाच्या आग्रहाने घेतलेला आणि तसाच पडीक राहिलेला. म्हणजे अर्थ उघड होता! पुढच्या वर्षी पेरणीआधी मी तिथल्या शेजाऱ्याकडे, रावजीकडे गेलो.

"रावजी, मला नांगर धरायचाय."

"कशाला सर? ट्रॅक्टर सांगतो ना."

"ट्रॅक्टर नको. नांगरच. उचलून."

रावजीने माझ्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं. "तुम्ही उचलणार? मग बैल काय करणार?"

पडवीतून त्याची बायको म्हणाली, "घेऊ द्या हो त्यांना. बाई गेल्यापासून आज पहिल्यांदा तोंड उघडलंय."

मी खरोखरच नांगर खांद्यावर घेतला. शेतापर्यंत पोचेस्तोवर माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली गेला होता. बैल जुंपले. मी म्हणालो, "चला." ते हलले नाहीत. "चला ना!"

"सर, विनंती नका करू, हाका!" रावजी ओरडला आणि त्याने जिभेने काहीतरी आवाज काढला. बैल निघाले. मीही निघालो, म्हणजे ओढला गेलो. फाळ एका मुळात अडकला आणि मी आडवा!

कमरेत अशी उसण भरली की उठता येईना. पण खोटं कशाला सांगू? नाक मातीत होतं आणि मनाला समाधान होतं. सुलभाने सांगितलेलं काम मी केलं होतं.

बातमी कळताच सुलभाचा भाऊ नाना घरी आला. नानाची डहाणूला मासेमारीची बोट आहे.

"भावोजी, या वयात हे काय खूळ?"

मी पहिल्यांदाच कुणाला तरी ते दोन शब्द सांगितले. कविताही म्हणून दाखवली.

"भावोजी, आमची सुलू कुणाची पोर?"

"तुमच्या वडिलांची."

"बोटवाल्याची! आमच्या घरात नांगर म्हणजे बोटीचा. टाकला की बोट थांबते, उचलला की निघते. तुमच्या कवितेत पाणी नाही का?"

"आहे. पण मी ते भातखाचरातलं धरलं होतं."

"अरे देवा!" नानाने कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाला, "ती सांगत होती, इथे एकटे अडकून बसू नका. निघा. मेधाकडे जा."

काय अवस्था झाली असेल माझी? कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून मी सगळी कविता पुन्हा मनात म्हटली. ओळ न् ओळ जुळत होती! किनाऱ्यावरून निघणाऱ्या माणसाची कविता ती, आणि मी घाटावरचा शहाणा, जन्मभर त्याच्या हातात बैलांचे कासरे देत आलो होतो. कर्तव्य राबण्याचं नव्हतं, निघण्याचं होतं.

मग मी निघालो. जमीन रावजीला कसायला दिली, डहाणूच्या घराला कुलूप लावलं. स्वयंपाकघरात तिचे डबे जिथल्या तिथे होते. किल्ली फिरवताना मी मोठ्याने म्हणालो, "उचलला गं नांगर."

नाशिकला मेधाकडे राहू लागलो. का आलात, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "हिच्या आईची इच्छा." एवढंच.

२०१९ मध्ये एका संध्याकाळी मेधा वाळलेले कपडे घडी करत होती. काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिला सगळं सांगितलं. कविता, बैल, बोट, सगळं. तिचे हात थांबले.

"बाबा, आई नांगर कधी म्हणाली?"

"म्हणजे? मी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

"चादर म्हणाली. 'चादर उचला.' खाली पडली होती ना."

"मग?"

"मग काय? तुम्ही कविता म्हणत होतात. मीच उचलली."