शालीखालचा पाय

ये गं, जवळ ये. पुण्यात बसून कशी येणार ते तुझं तू बघ, निदान कान तरी इकडे कर. आणि आधी मला थोडं रागावू दे. तुझ्या ताताचा एवढा सत्कार झाला, त्याचा व्हिडिओ तुला पाठवला, आणि तू काय केलंस? टाळ्या वाजवणारे पिवळे हात पाठवून मोकळी झालीस! आजोबांना ताता म्हणायला इथेच चेन्नईत शिकलीस, फोन उचलून दोन शब्द बोलायलाही इथेच शिकली होतीस ना? असू दे. पण त्या व्हिडिओत खरं काय झालं ते आलेलंच नाही. गाणं संपलं असं वाटून व्हिडिओ काढणाऱ्याने फोन खिशात टाकला. त्याच्या पुढचं मी सांगते.

महाराष्ट्रातून इथे मोटारींच्या कारखान्यात नोकरीला आलेली एक मुलगी आहे. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिचे दोस्त जुनी इंग्रजी गाणी वाजवतात. ही ड्रमवर. गावी गणपतीत ढोल वाजवायची म्हणे. तिला कुठून तरी कळलं, की या शहरात रॉक अँड रोल सगळ्यात आधी वाजवणाऱ्यांतली दोन माणसं अजून आहेत. एक आमचे हे, ड्रमवाले. दुसरे ह्यांचे पेरंबूरचे अँग्लो-इंडियन दोस्त, गिटारवाले, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. बँडमधले बाकीचे गेले. मुलगी पत्ता काढत घरी आली. तिचं मराठी लख्ख, आपलं तंजावरचं जुनं. मी बोलले की ती हसायची, ती बोलली की मी मान वाकडी करून ऐकायची. पण जमलं.

म्हणाली, "आजी, आजोबांनी काही करायचं नाही. स्टेजवर बसायचं, शाल घ्यायची. त्यांचं गाणं आम्ही वाजवू."

हे आतून ऐकत होते. तिथूनच म्हणाले, "श्राद्ध माझं, आणि जेवणार हे!"

त्या दिवसापासून ह्यांचा उजवा पाय सुरू झाला. ड्रमचा मोठा ठोका पायाने द्यायचा असतो ना, तो पाय. पेपर वाचताना सुरू, इडली खाताना सुरू, डोळे मिटून पडले तरी सुरू. पलंग हलायचा. मी म्हटलं, "अहो, शिलाई मशीनवर बसलाय का तुम्ही?" तर म्हणाले, "तू झोप." कशी झोपणार? तुझ्या बापाचा रोज फोन. "अम्मा, त्यांना ड्रमला हात लावू देऊ नकोस. छातीत मशीन बसवलंय, विसरलीस का?" विसरते कशाला? ते मशीन बसवलं तेव्हा बाहेर बाकावर मीच बसले होते. म्हणजे एकीकडे हा पाय, एकीकडे तो फोन, मधे मी. भाजी चिरायला घ्यायची आणि सुरी कुठे ठेवली ते शोधत घरभर फिरायचं.

तुला वाटेल, सत्कार तो सत्कार, एवढं काय त्यात. पण ह्यांच्या वाट्याला मान आलाच कुठे होता? माझे सासरे कीर्तनकार. हे लहानपणापासून त्यांच्या मागे मृदंगावर. मग बंदरावरच्या कुणा खलाशाकडून एक इंग्रजी रेकॉर्ड ह्यांच्या आणि दोस्तांच्या हाती लागली आणि हे कामातून गेले. रेकॉर्डची सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवायची आणि ऐकायचं. शिकवणार कोण? ड्रम कुठून आणणार? लग्नाच्या बँडमधला फुटका ढोल आडवा ठेवला, त्याला पायाने मारायची पट्टी गिटारवाल्यांनी वर्कशॉपातल्या भंगारातून बनवली. सासरे दोन वर्षं ह्यांच्याशी नीट बोलले नाहीत. देवाच्या वाद्यावरचा हात काठ्यांना लावला म्हणून.

आणि पहिल्याच कार्यक्रमात काय केलं ठाऊक आहे? रेल्वेच्या हॉलमध्ये नाच होता. जोड्या नाचतायत, गाणं संपलं, सगळे थांबले. हे थांबेनात! आपल्याकडे शेवटचा तुकडा तीनदा वाजवून समेवर उतरायचं, त्याशिवाय गाणं संपलं असं हाताला वाटतच नाही. रेकॉर्डमध्ये तसलं काही नव्हतं. ह्यांचा हात मात्र सासऱ्यांच्या मागे बसून तयार झालेला, तो निघाला आपल्या वाटेने. बायका एक पाय उचलून तशाच उभ्या. तिसऱ्यांदा हे धाडकन उतरले तेव्हा सगळ्यांनी एकदम पाय आपटला म्हणे. गिटारवाले अजून सांगतात, "मला वाटलं, मॅन, आता मार खाणार. पण लोक म्हणाले, पुन्हा करा!" मग तीच त्यांच्या बँडची ओळख झाली. प्रत्येक गाणं संपलं की तीनदा.

सत्काराच्या आदल्या आठवड्यात मला म्हणाले, टी. नगरला चल, बूट घ्यायचेत. त्या गर्दीत! साड्यांच्या पिशव्या ढोपरांवर आपटतायत आणि आम्ही एका दुकानातून दुसऱ्यात. दुकानदार म्हाताऱ्यांचे मऊ, जाड तळाचे बूट पुढे करायचा. हे घालायचे, जमिनीवर टाच टेकवून पंजा आपटायचे, ठप ठप, आणि काढून टाकायचे. "पातळ तळ हवा. खालचं कळलं पाहिजे." दुकानदार मला विचारतो, "अम्मा, सारना काही होतंय का?" मी काय सांगू? शाल घ्यायला बुटाचा तळ पातळ कशाला लागतो? मला तेव्हाच कळलं, ह्यांच्या मनात काय आहे ते. तुझ्या बापाला मात्र कळू दिलं नाही.

आणि एवढं करून हॉलवर काय झालं? तिथे एरवी कर्नाटक संगीताच्या कच्चेऱ्या, म्हणजे मैफली, होतात. स्टेजवर समई लावलेली. दारातच माणूस उभा, "सार, चप्पल-बूट इथेच." रॉक अँड रोलवाले दोघे म्हातारे अनवाणी स्टेजवर गेले! गिटारवाल्यांच्या पांढऱ्या मोज्याला भोक होतं, मग मोजेही त्यांनी काढून खिशात कोंबले. मग भाषणं, चंदनाचे हार, आणि पोन्नाडै, म्हणजे जरीची शाल. एकाने घातली, त्याच्यावर दुसऱ्याने, त्याच्यावर तिसऱ्याने. हे त्या ढिगात बुडाले. पण पहिल्या रांगेतून मला शालीचा जरीकाठ हलताना दिसत होता. खाली पाय चालूच.

मग मुलीने वाजवायला घेतलं. छान वाजवलं, खोटं कशाला बोलू. गिटारवाले खुर्चीत बसून तिच्याबरोबर वाजवत होते. शेवट आला, तिने रेकॉर्डसारखा स्वच्छ थांबवला. तुझा व्हिडिओ इथे संपतो.

गिटारवाल्यांनी तारांवरचा हात उचललाच नाही. मान वळवून मागे ह्यांच्याकडे बघत राहिले. हॉलमध्ये कुजबूज. लोकांना वाटलं, म्हातारा विसरला बिचारा. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्याही विरल्या. ते वाट बघत होते. त्या तीनदा वाजवायच्या तुकड्याची.

हे उठले. एक शाल घसरली, दुसरी घसरली. ड्रमकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या पिशवीत गोळ्यांची डबी, कानात तुझ्या बापाचा आवाज. नको म्हणायला एक बोट हलवलं असतं तरी ते खाली बसले असते, एवढं मला माहीत होतं. तशी नजर त्यांनी लग्न होऊन इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी टाकली नव्हती.  मी हात मांडीवर ठेवला आणि ताल धरला. एक थाप, बोटं मोजत, पुन्हा थाप. कच्चेरीत सगळेच धरतात तसा.

मुलगी काठ्या देऊन बाजूला झाली. हे बसले. उघड्या पायाने. पहिला तुकडा असा आला गं, की तो हॉल मला दिसेनासा झाला. दुसऱ्यात डावा हात मागे पडला. एक ठोका गेलाच. गिटारवाले ओरडले, "चल, मॅन!" तिसरा कसाबसा, पण उतरला समेवर. माझी थाप आणि त्यांचा पाय एकत्र पडला. टाळ्या किती झाल्या ते मला ठाऊक नाही, मी स्टेजवर चढत होते. ह्यांचे ओठ पांढरे, कपाळावर घाम. मी गोळी जिभेखाली ठेवली. गोळी विरघळायच्या आत मला म्हणतात काय, "दुसरा चुकला."

संध्याकाळी मी स्वतःच तुझ्या बापाला सांगितलं. आरडाओरडा केला त्याने. करू दे, बरोबरच आहे त्याचं. डॉक्टरांनीही तपासलं, रागावले, ठीक आहे म्हणाले.

तुला वाटेल, वाजवून झालं, आता पाय शांत झाला असेल. कुठला! तो दुसरा तुकडा नीट बसवायचा आहे ना. बुधवारी गिटारवाले येतात, शनिवारी ती मुलगी. सरावाला रबराची एक चकती आणलीय तिने, तिच्यावर काठ्यांचा आवाज होत नाही. ती ह्यांना म्हणते, "आजोबा, सावकाश," आणि हे तिला म्हणतात, "तू गप्प मोज." आणि माझं काय झालंय सांगू? पूर्वी तो पाय चालला की झोप यायची नाही. आता थांबला की दचकते. दुपारी हे पडले आणि पाय थांबला, तर हातातलं टाकून दारात जाऊन उभी राहते, पुन्हा हलेपर्यंत.

गिटारवाल्यांना त्यांची मुलगी नाताळनंतर ऑस्ट्रेलियाला नेणार आहे, कायमची. ते जायच्या आत दोघं मिळून तो तुकडा बसवणार म्हणतात. तेव्हा सुट्टीबिट्टीचं बघत बसू नकोस. बुधवार धरून ये, लवकर ये. घरातल्या पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसायला, ताल धरायला, आणखी एक हात हवाय मला.