झाकलेलं ताट

आत्याला बोलता येतं, हे घरातल्या कुणाला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. आणि तिकडे इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात चौतीस वर्षं तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. समोरचा माणूस बेशुद्ध, अंगाला सतरा नळ्या, श्वाससुद्धा त्याच्या वतीने यंत्र घेतंय, तरी ही आपली सांगतेय, "काका, तोंड पुसतेय हं, गार लागेल. आता कूस बदलू या. दुखेल जरा, मनातल्या मनात घाला मला शिव्या." हात लावायच्या आधी सांगायचं, हा तिचा नियम. नव्या आलेल्या नर्स तोंड फिरवून हसायच्या. मग एक शिंपीकाका अकरा दिवसांनी शुद्धीवर आले. तिने "काका, उशी सारखी करतेय हं," म्हटल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पुटपुटले, "हाच तो आवाज." त्या दिवसापासून हसणं बंद झालं. हसणाऱ्याही बोलू लागल्या.

घरी मात्र ती मुक्याने यायची, मुक्याने जायची. घर धाकट्या भावाचं. दाराजवळची खोली तिची, म्हणजे तिच्या येण्याजाण्याने कुणाची झोपमोड नको. ती खोली तिनेच मागून घेतलेली, तेव्हा तक्रारीलाही वाव नाही. ती यायची तेव्हा घर एकतर जेवून उठलेलं असायचं, नाहीतर अजून उठायचंच असायचं. ओट्याच्या कोपऱ्यात तिचं ताट झाकून ठेवलेलं असे. उभ्याउभ्या सात मिनिटांत ते संपवायचं, घासून पालथं घालायचं, की झाला तिचा संसार. भावजय मनाने चांगली. इतक्या वर्षांत ताट झाकायला ती एकदाही विसरली नाही, आजारपणातसुद्धा.

निवृत्तीच्या दिवशी आत्याने पुढच्या सिस्टरला चार्ज दिला. तीन नंबरचे आजोबा उजव्या कुशीवर बरे राहतात, पाच नंबरच्या बाईंना लेकीचं नाव घेतलं की नाडी सुधारते, सात नंबरचा दिवा डोळ्यांवर येतो, तो विझवून ठेवा. सगळं सांगून झालं तरी तिचा पाय निघेना. सिस्टर म्हणाली, "झालं ना, मॅडम?" आत्या म्हणाली, "झालं." जिना उतरताना तिच्या मनात आलं, आता घराचा चार्ज आपल्याला कोण देणार? कोण कधी उठतं, कुणाचे गुडघे दुखतात, पुतणी हल्ली कशावर रुसते, यातलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिला फार काही नको होतं. जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची हवी होती, आणि आपण त्या खुर्चीवर बसलो म्हणून कुणी बिचकू नये, एवढंच.

पण मागायचं कसं? बेशुद्ध माणसांशी भडाभडा बोलणाऱ्या या बाईला घरातल्या शुद्धीवरच्या माणसांपुढे शब्द फुटत नसे.

रविवारी पुतणीने आत्याचा सत्कार ठरवला. घरची धरून जवळची सातआठ माणसं जमली. पुतणीने घरातले जुने फोटो जमवून एक मोठी चौकट केली होती. त्यात आत्या शोधावी लागत होती. एकात ती दाराशी चप्पल घालत होती, दुसऱ्यात तिची पाठ आणि खांद्याची पिशवी. "बघ ना आत्या, एकातही तू थांबली नाहीस," पुतणी लाडाने म्हणाली आणि सगळे हसले. आत्याही हसली. मग भाऊ बोलायला उभा राहिला. ताईने किती लोकांचे जीव वाचवले, रुग्णांची किती मनापासून सेवा केली, असं तो छान बोलला. मग म्हणाला, "घरी ताई..." आणि तिथेच अडला. चष्मा पुसला, पुन्हा लावला. "घरी ताईचा कधी कुणाला त्रास झाला नाही," असं म्हणून तो खाली बसला. टाळ्या झाल्या.

आत्या फुलांचा गुच्छ पाण्यात ठेवायला आपल्या खोलीत गेली. फुलदाणी नव्हतीच, म्हणून पाण्याची बाटली कापली, देठ छाटले. यात पाचदहा मिनिटं गेली असतील. परत येऊन पाहते तो पंगत बसलेली. आठ खुर्च्या, आठ माणसं, वाढप झालेलं, कुणाचा तरी विनोद रंगात आलेला. ती दाराशी उभी राहिली. कुणाचं लक्ष गेलं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या कोपऱ्यात तिचं ताट झाकलेलं होतं.

तिने वरची थाळी उचलली. सगळं साग्रसंगीत वाढलेलं, लिंबाची फोड मोठी, भात अजून गरम. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण इतक्या मायेने वाढलेल्या ताटावर रागवायचं कसं? पहिला घास तिने सवयीने उभ्यानेच घेतला. दुसरा हातात घेतला आणि परत ताटात ठेवला. आणि मग, कुणी ऐकत नसताना, ती हलक्या आवाजात म्हणाली, "ताट उचलतेय हं. आता बाहेर नेतेय. दुखेल जरा."

ताट घेऊन ती टेबलाशी आली. भावाने मान वर केली, त्याचा चेहरा खुलला.

"अरे, आलीस, ताई? आज लवकर सुटलीस!"

बोलला आणि त्याचा हात ताटातच राहिला. भावजयीची नजर आत्याच्या हातातल्या ताटावर गेली आणि ती जागची उठली. "वन्सं, अहो... माझ्या हाताने... सवयीने झालं हो," एवढंच तिला बोलता आलं.

"बसा तुम्ही. गरम आहे अजून," आत्या म्हणाली. "जरा सरका सगळे. मी इथे बसतेय."

खुर्च्या खरडल्या. पुतणीने स्टूल आणलं. भाऊ मात्र हलेना, खाली मान घालून बसून राहिला, खांदे हलत होते. आत्याने ताट ठेवलं, हात पुसला आणि त्याच्याकडे वाकली.

"खांद्यावर हात ठेवतेय हं," ती म्हणाली.

भावाने चमकून वर पाहिलं. हा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता.