फाटकाबाहेरचे फिजिक्सचे सर

"दोन काय?"

हॉटेलात कुणी "दोन द्या" म्हणालं, की कोपऱ्यातल्या बाकड्यावरून सरांचा आवाज यायचा. "दोन काय? कप, का किलो? आकडा सांगितला की एकक सांगावं माणसानं." नवं गिऱ्हाईक बावचळून माझ्याकडं बघायचं. मी म्हणायचो, "बसा. फिजिक्सचे सर हायत. चावत न्हाईत."

मी चौथीपर्यंत शिकलो. एकक म्हणजे काय ते सरांनी मला समजावून सांगितलं, मला समजलंही, पण मी ते पाळलं नाही. माझ्या हॉटेलात मी म्हणेन तसंच चालतं.

वडवणीत कॉलेजच्या फाटकासमोर माझं हॉटेल. बारावीच्या परीक्षेला तुम्ही कधी लेकरू घेऊन गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या मास्तराला त्या दिवशी आत थारा नसतो. दोन वर्षं शिकवायचं आणि ऐन दिवशी फाटकाबाहेर. म्हणून फिजिक्सच्या पेपराला सर सकाळपासून माझ्याकडं. पहिल्या घंटेला घेतलेला चहा शेवटच्या घंटेपर्यंत तसाच, वर जाड साय.

"तात्या, आत पंखे चालू असतील का वो?"

"मला काय माहीत? मी बी भाईरच हाय."

"खिडकीपाशी ऊन येतं. आकृती काढताना डोळ्यावर येतं."

एकदा एक गडी चिठ्ठ्या घेऊन मागच्या भिंतीकडं निघाला होता. सरांनी हाक मारली, "आत कोण हाय बे तुझं?"

"बहीण हाय, सर."

"मग चिठ्ठी कावून? दोन वर्षं मी शिकवलंय तिला. तू काय येगळं शिकवणार?"

गडी बाकड्यावर बसला. सरांनी त्याला भजी खाऊ घातली आणि पेपर सुटेपर्यंत हलू दिलं नाही.

पेपर सुटला की पोरं रस्ता ओलांडून सरळ माझ्या हॉटेलात घुसायची. गाड्या थांबायच्या, हॉर्न वाजायचे, कुणाचं लक्ष नसायचं.

"ए, दुसऱ्याचं किती आलं?"

"बेचाळीस."

"माझं चार पॉइंट दोन!"

"मेलास बे तू."

"तूच मेला असशील."

मग सगळी सरांभोवती. सर एकेक उत्तर सांगायचे. ज्याचं जुळलं तो उडी मारायचा, ज्याचं नाही जुळलं तो बोटांवर मार्क मोजत बसायचा. बोर्डाचा निकाल लागायला दोन-अडीच महिने लागतात, पण आमच्या गावात तो माझ्या बाकड्यावर त्याच दिवशी लागायचा.

सरांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. तारेच्या वेटोळ्याचं आणि विजेचं कसलंतरी मोठं गणित आलं होतं. एका पोरानं पहिली ओळ वाचली आणि सर हसले. "पुस्तकातलंच हाय की." कागदाकडं न बघताच त्यांनी उत्तर सांगून टाकलं. "आलं! आलं!" करून सगळी ओरडली.

मागं एक पोरगी उभी होती. ती म्हणाली, "सर, माझं येगळं आलंय."

"मग चुकलं तुझं," सर म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले.

ती पोरगी माझ्या मागच्या गल्लीत मावशीकडं राहायची. आईबाप ऊसतोडीला नगरकडं. बापानं तिला सांगून ठेवलेलं मावशीनंच मला सांगितलं होतं : बारावी निघाली तर पुढं शिकवतो, न्हाई निघाली तर लग्न लावून येत्या हंगामाला कोयत्यावर. आमच्याकडं तोडीला जोडपं लागतं, म्हणून पोरींची लग्नं अशी हंगाम बघून होतात.

पोरीनं दोनदा बोटं मोजली. मैत्रिणीला म्हणाली, "न्हाई निघत. मी चालले आईकडं. चारची गाडी हाय."

"अगं, केमिस्ट्री ऱ्हायलीय."

"एकात नापास झाल्यावर बाकीचे देऊन काय करू?"

हे मी ऐकलं. पण पन्नास पोरं, चहाची घाई, मी बोललो नाही. ती चूक माझी.

गर्दी पांगली. मी टेबल पुसत होतो, तिथं पेपर पडला होता. मला इंग्रजी येत नाही, पण मोबाईलमुळं आकडे चांगले येतात. ते सरांना दाखवावं म्हणून पोरांनी पेनानं गोल केलेल्या त्या मोठ्या गणितावर बोट ठेवून मी मोठ्यानं वाचलं, "सहा, शून्य."

"पाच, शून्य, तात्या. पन्नास हाय ते."

"साठ हाय."

"अवो, तीस वर्षं शिकवतोय मी ते गणित. पन्नासच असतंय."

"तुमच्या पुस्तकात असंल. हितं सहा हाय. चौथी शिकलो म्हणून सहा कळंना व्हय मला?"

मी काही हटणारा माणूस नाही. शेवटी सरांनी खिशातून चष्मा काढला. वाचलं. परत वाचलं. सिगारेटच्या पाकिटावर कायतरी मांडलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"ती पोरगी कुठं गेली, तात्या?"

"चारच्या गाडीनं चाललीय."

सरांचा गुडघा दुखायचा, तरी त्या दिवशी मी त्यांच्या मागं पडलो. आम्ही स्टँडवर गेलो तर गाडी सुरू झाली होती. सर चढले, मीही चढलो.

"सर, कुठलं तिकीट?" कंडक्टरनं विचारलं.

"तिकीट न्हाई. एक गणित ऱ्हायलंय."

पोरगी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सर म्हणाले, "तुझं बरोबर हाय. माझं चुकलं."

तिनं नाही म्हणून मान हलवली. "तुमी मला उतरवायला म्हणताय, सर."

सरांनी पेपर आणि पेन तिच्या हातात दिलं. "वाच. मोठ्यानं वाच, आणि करून दाखव."

ती वाचायला लागली. साठ म्हणाली तेव्हा तिनं एकदा सरांकडं बघितलं. मग पिशवीवर कागद ठेवून तिनं गणित मांडलं. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. एक म्हातारी म्हणाली, "झालं का गं, माय? मला बीडला दवाखाना गाठायचाय."

उत्तर तेच आलं, तिनं पेपरात लिहिलेलं. सर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले, "पोरांनो प्रश्न वाचा, प्रश्न वाचा म्हणून माझा घसा बसला. हिनं वाचला. मी न्हाई वाचला."

पोरगी खाली उतरली आणि मग रडली.

परत येताना सर म्हणाले, "बाकीची घरी खुशीत असतील, तात्या. त्यांना कसं सांगू?"

"आता नका सांगू. केमिस्ट्री होऊ द्या, सगळे पेपर होऊ द्या."

त्यांनी माझं ऐकलं. शेवटच्या पेपराला बाकड्यापाशी उभं राहून त्यांनी पोरांना सांगितलं, "मी तुमाला चुकीचं सांगितलंतं." पोरं म्हणाली, "जाऊ द्या, सर." पण सरांनी ते जाऊ दिलं नाही. उन्हाळ्यात रिटायर झाले, घाटनांदूरकडं आपल्या गावी गेले, आणि दर आठ दिवसाला मला फोन. निकालाचं कायी कळलं का, तात्या?

निकाल लागला. पोरगी काठावर का होईना, निघाली. आईला घेऊन हॉटेलात आली. आईच्या हातांवर उसाच्या पानांचे चरे तसेच होते. मी सरांना फोन लावून पोरीच्या हातात दिला. ती "सर, निघाले मी" एवढंच म्हणाली. मग मी फोन घेतला.

"आणि बाकीचे, तात्या? मी ज्यांना बरोबर म्हणलंतं ते?"

दोघं फिजिक्सला राहिले होते. मी फोनवर बोलत होतो तेव्हा ते माझ्याच बाकड्यावर बसले होते, एकमेकांकडं न बघता. त्यांनी पेपरात लिहिलं ते सरांनी सांगायच्या आधी लिहिलं होतं, यात सरांचा काय दोष? पण सर असा हिशोब करणारे नव्हते. मी आयुष्यात कुणाला भिऊन खोटं बोललो नाही.

"समदे निघाले, सर."

 सर म्हणाले, "बरं झालं."

सर दिवाळीच्या आत वारले. त्याआधी पावसाळ्यात पुरवणी परीक्षेचा निकाल लागला आणि ते दोघंही निघाले. पेढे घेऊन आले. मी सरांचा नंबर काढला, आणि मग फोन खिशात ठेवून दिला. सरांच्या लेखी ती पोरं कवाच पास झाली होती.