बिल्लीवाल्या बाईचं क्वार्टर

भिलाईकडून येणारी मालगाडी गोंदियाला थांबली की गार्डकाका कधीमधी आमच्या रेल्वे क्वार्टरच्या कुंपणाशी येऊन पाणी मागत. माझ्या यजमानांचे ते जुने सोबती. त्या दिवशी मी तांब्या घेऊन बाहेर आले, पण त्यांनी तो हातात घेतलाच नाही. "बाई, तुमची भिलाईची वहिनी गेली," म्हणाले. मी हसतच विचारलं, "कुठी गेली?" कारण ती माझ्याकडेच यायची होती. आठवडाभरापूर्वी आम्ही भेटलो तेव्हाच तसं ठरलं होतं. मला वाटलं, आधी माहेरी उतरली असेल. काका हातातली हिरवी झेंडी उगाच गुंडाळत, उलगडत राहिले... आणि मग मला कळलं. कळलं म्हणजे शब्द कळले. आता कितीतरी दिवस उलटले, पण इंदूवहिनी गेली हे वाक्य अजून मला पुरतं कळलेलं नाही. चाळिशीसुद्धा न गाठलेली, पाण्याची भरलेली बादली एका हाताने उचलणारी बाई. अशी बाई जाते कशी?

माझा दादा पोलाद प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये लागला तेव्हा भिलाईत मिल उभीच राहत होती. जिकडे पाहावं तिकडे उकरलेली लाल माती, क्रेन आणि टिनाची शेडं. क्वार्टरं एकासारखी एक. शिफ्टवरून दमून आलेला माणूस दुसऱ्याच्याच घरात शिरून चपला काढायचा. वहिनी भंडाऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरची. हिंदी येत नव्हती. एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला पंजाबी, समोर बंगाली. दादा कामावर गेला की दिवसभर तिच्याशी बोलायला कोणी नसे. मग एक दिवस मजुरांच्या कॅम्पाकडून एक थोराड करडा बोका आला. मागच्या अंगणात उभा राहून त्याने भिंत पाहिली, नळ पाहिला, वहिनीला पाहिलं, आणि काही न खाता निघून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वहिनीने त्याचं नाव ठेवलं 'ठेकेदार'. "पाहून जाते निस्ता, काम काहीच करत नाही," ती म्हणायची. तिसऱ्या खेपेला मात्र तो ताकभात खाऊन गेला. त्याच्यामागून कवडी आली. ती ठिपक्यांची मांजरी सगळ्या लायनीत दारोदार फिरून जेवायची आणि शेवटी वहिनीकडे तोंड धुवायला यायची. कवडीने सरपणाच्या ढिगात पिलं घातली. त्यातली एक भुरी, डोळे उघडले तशी स्वयंपाकघरात शिरली ती कायमची. भुरी अट्टल चोर. पण चोरी उघडकीला आली की पळायची नाही. वहिनीच्या मांडीवर जाऊन बसायची, म्हणजे मारायला हातच उठू नये.

आणि मग माशी. प्लांटमध्ये रशियन साहेब लोक होते. त्यांच्यातल्या एकाची बायको बाजारात वहिनीला भेटायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे. टोमॅटो दाबून बघायचे आणि हसायचं, एवढीच ओळख. मुदत संपून ती मंडळी परत जायला निघाली तेव्हा ती बाई टोपलीत पांढरी शुभ्र, केसाळ मांजर घेऊन दारात आली. मांजरीचं नाव काहीतरी सांगत होती, 'माश्का' की काय. बोलता बोलता रडायलाच लागली. वहिनीही रडली. दादा संध्याकाळी घरी आला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"आता रशियाची मांजर बी आपल्याच घरी कावून?"

"मंग तिले कोन पाहीन?" वहिनीने विचारलं. त्या नावाची दोन दिवसांत 'माशी' झाली.

माशीने कधी मातीला पाय लावला नाही. खिडकीत बसून ती अंगणातल्या ठेकेदाराकडे अशी बघायची, की जणू कोणा परक्या देशातलं जनावर बघतेय. प्लांटचा भोंगा झाला की पिठाच्या डब्यामागे लपायची. मागचं दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्यापर्यंत यायची, बाहेरची हवा हुंगायची आणि मागे फिरायची. हळूहळू सगळ्या सेक्टरात लोक दादाचं क्वार्टर नंबराने नाही, मांजरांवरून ओळखू लागले. रिक्षावाल्याला नुसतं 'बिल्लीवाली बाई' म्हटलं की तो बरोबर दारात उतरवायचा. वहिनीलाही त्याच नादात हिंदी आली. मांजरं शोधत दारोदार फिरायचं, तर बोलावं लागतंच.

एका उन्हाळ्यात मी तान्ह्या लेकीला घेऊन तिथे गेले होते. पोर मागच्या ओसरीत पाळण्यात झोपली होती आणि आम्ही दोघी आत तांदूळ निवडत होतो. अचानक ठेकेदाराचा असा आवाज आला की वहिनी सूप टाकून धावली. पाळण्याखाली नाग होता, फणा काढलेला. आणि त्याच्यासमोर ठेकेदार, पाठीची कमान केलेला, एक पाऊल मागे न सरकणारा. मी जागच्या जागी थिजले. वहिनीने मागच्या बाजूने जाऊन पोर उचलली, माझ्या अंगावर जवळजवळ फेकली. शेजारचे सरदारजी काठी घेऊन येईस्तोवर बोक्याने नागाला हलू दिलं नाही. त्या झटापटीत त्याचा एक कान फाटला. मी म्हटलं, "वहिनी, आता तरी याला घरात घे."

"तो येत नाही, कुमुदबाई. पाहा." तिने दार उघडून धरलं. ठेकेदार भिंतीच्या सावलीत जाऊन बसला. मग वहिनी भर उन्हाची लू वाहत असताना, डोक्यावर ओला पंचा टाकून, त्याच्या कानाला हळद लावत बाहेर बसली. "ज्याले घर नाही पाहिजे, त्याले जबरी कायले करा? आपनच बाहेर येऊन बसावं थोडसं."

गार्डकाकांनी सांगितलं त्याच दिवशी, मिळेल त्या गाडीने मी भिलाईला पोहोचले. काय झालं ते शेजारच्या मल्याळी अम्माने सांगितलं. दादा फर्स्ट शिफ्टला गेला होता. वहिनी मागच्या पायरीवर मांजरांचं ताट घेऊन बसली होती. "मैं समझी, बैठी है," अम्मा पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "रोज के जैसा बैठी है..." मग मांजरांचं ओरडणं थांबेना म्हणून ती कुंपणापाशी आली. वहिनी भिंतीला टेकली होती, मान कलली होती. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर नंतर म्हणाले. ठेकेदार अंगणाच्या मधोमध उभा होता, कोणाला जवळ येऊ देत नव्हता. आणि माशी... अम्माने माझा हात धरला. "वो सफेद वाली, बाई. मिट्टी में थी. पूरी मिट्टी में. उसके हाथ के पास."

ती उंबरा ओलांडून गेली कधी, हे कोणी पाहिलं नाही. वहिनीची मान कलताना माशीला काय दिसलं, काय कळलं, तेही कोणाला ठाऊक नाही. मी गेले तेव्हा ती पिठाच्या डब्यामागे होती. पांढऱ्या केसांत लाल माती तशीच. चाटून साफ करायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं. तेराव्यापर्यंत आम्ही सगळे असेच होतो... उठत होतो, बसत होतो, माणसं येत होती, पण कोणालाच काही सुचत नव्हतं.

मी निघायच्या सकाळी दादा ताट घेऊन मागच्या पायरीवर बसला. ताकभात त्याने स्वतः कालवला होता, खूपच पातळ. मांजरं कुंपणावर, नळापाशी, लांब लांब बसून नुसती बघत होती. दादाने मान वर न करता विचारलं, "कुमुद, इंदू या मांजरायले कशी बलावे वं? मी कधी ध्यान देऊन ऐकलंच नाही."

मला माहीत होतं. सकाळी अंथरुणातून मी ती हाक कितीदा ऐकली होती. "याऽऽ गं बायांनो, या जेवाले", पहिला शब्द थोडा ओढून, जशी ती शेतावरच्या बायांना हाक मारत असेल तशी. मी पदराने डोळे पुसले आणि जमेल तशी ती हाक मारली.

सगळी मांजरं एकदम उठून उभी राहिली. ठेकेदार, कवडी, भुरी. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ताटाकडेही नाही. माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे ती बघत राहिली.

दादाने वळून पाहिलं. मीही पाहिलं, वहिनी आता तिथून बाहेर येईल असं वाटून.