साहेबांचा चेहरा विणणारा

आमच्या भागातल्या आमदारांचा मी जुना माणूस. का, तर पाण्यामुळे. पूर्वी पाच-पाच दिवस आम्ही नळाकडे तोंड करून बसायचो. या माणसानं जलवाहिनीसाठी भर उन्हात रस्त्यावर ठाण मांडलं आणि एक दिवसाआड पाणी आणलं. दर वाढदिवसाला त्यांचा चेहरा विणलेलं वॉल हँगिंग माझ्या हातमागाच्या कारखान्यातून जातं. हार काय, कुणीही घालतं.

यंदा साहेबांनी नवंच काढलं. परराज्यातल्या कामगाराला पक्ष कार्यालयाच्या चिठ्ठीशिवाय कुणी खोली द्यायची नाही. चिठ्ठी कुणाला मिळणार हे ठरलेलं नव्हतं. घरमालकांनी मात्र घाबरून सगळ्यांनाच महिनाअखेरीची मुदत दिली. पक्षाच्या बैठकीत मी उभा राहिलो.

"साहेब, हे चुकतंय. मागावर आता आपली पोरं बसत नाहीत. आणि बाहेरचे म्हणायचं तर माझे आजोबाही तेलंगणातूनच आले की. घरात आम्ही अजून तेलुगूच बोलतो."

"तुमचं वेगळं हो," साहेब हसून म्हणाले. "तुम्ही आपलेच."

वेगळं कसं, ते काही सांगितलं नाही. शेजारच्यानं शर्ट ओढून मला खाली बसवलं. मला राग आला. जास्त राग याचा, की 'आपलेच' ऐकून आत कुठंतरी बरंही वाटलं होतं.

वॉल हँगिंग विणत होता तो ओडिशाचा कारागीर. सहा वर्षं माझ्याकडे होता. त्यालाही खोली सोडायला सांगितलेलं. मी म्हटलं, "यंदा राहू दे, नको विणू."

"का मालक? काम हाय की."

चेहऱ्याची सुलट बाजू मागावर खाली असते. तो दर थोड्या वेळानं वाकून खालून हातआरसा धरायचा. साहेबांची मिशी एका बाजूला जाड दिसली, तर यानं मागावरची नक्षीची भोकं पाडलेली कार्डं बदलून सगळा चेहरा पुन्हा विणला.

वाढदिवसाला मंडपात साहेब कापडावरून हात फिरवत म्हणाले, "व्वा! अगदी जिवंत!" मी माइकवरच सांगून टाकलं, "ज्यानं विणलं, तो महिनाअखेरीला खोली सोडतोय, साहेब."

पण साहेब कसलेला गडी. तिथल्या तिथं त्याच्या नावाची चिठ्ठी लिहिली, सही ठोकली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. गड जिंकल्यासारखा स्कूटरवरून थेट कारखान्यात आलो.

कारागिरानं चिठ्ठी मला वाचायला लावली. "एकाचंच नाव हाय?"

"तुझं आहे ना!"

"खोलीत आमी चौघं, मालक. एका गावचे. तिघांना जा म्हणून मी हितंच राहिलो, तर गावात काय सांगू?"

बाकीच्या तिघांची मला आठवणही झाली नव्हती. ते दुसऱ्यांच्या मागावर होते.

महिनाअखेरीला चौघंही गाडीत बसले. मी स्टेशनवर गेलो होतो. खिडकीतून त्यानं चिठ्ठी माझ्या हातात दिली. "दुसऱ्या कुणाला चालली तर बघा." नाव त्याचं होतं, ती कुणालाच चालणार नव्हती.

पुढं निवडणूक आली. मत मी साहेबांनाच दिलं. बटण दाबताना लाज वाटली. तरी दाबलंच.