ताईच्या लग्नात मामांना टॉवेल

पुण्याला एमबीएला प्रवेश मिळाला आणि कॉलेजचं पत्र आलं: येण्याआधी एक्सेल शिकून या. अप्पा मात्र मला पाठवायचं की नाही यावरच अडले होते. "मामा म्हणतील तसं," एवढंच बोलायचे. मामा माझ्या बाजूचे, त्यामुळे ते काम झाल्यातच जमा धरून मी एक्सेलच्या मागे लागले.

औरादच्या क्लासमध्ये दोन कॉम्प्युटर, त्यातला चालू एक. सरावासाठी मी घरच्या वहीतली, ताईच्या लग्नाची मानपानाची यादी घेतली. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात मान: कुणाला फेटा, कुणाला टोपी, कुणाला नुसता टॉवेल. दीडशे माणसं. नावं अकारविल्हे लावायला मी नावांचा रकाना निवडला. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. लाईट जायची वेळ झाली होती, मी घाईनं खालचा पर्याय निवडून बटण दाबलं आणि मोकळी झाले. नावं सुरेख ओळीत लागली. यादी छापलेली, म्हणून घरात कुणी तपासलीही नाही.

मांडवात माईकवरून ती वाचली गेली. मंडपवाल्याला फेटा. त्याच्या गड्याला फेटा. सख्ख्या मामांना टॉवेल.

मामा टॉवेल हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "कामून गं, मी काय आंघोळीला जायलोय?"

"मामा, नावं हलली, मान जागेवरच राहिले."

"माझा तर गेला की!"

ते न जेवता गाडीत जाऊन बसले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पुणं गेलं, असं मी समजले.

मग जुनी वही काढून मामांचा फेटा ताटात घातला आणि गाडीपाशी गेले. "मशीनचं न्हाई मामा, माझं चुकलं. तिन्ही रकाने एकत्र निवडायला पाहिजे होते."

"हे पुण्याला शिकवतेत?"

"व्हय."

मामांनी फेटा बांधून घेतला, गाडीच्या आरशात दोनदा पाहिला आणि अप्पांना हाक मारली.

"दाजी, पोरीला पुण्याला धाडा."

"इतकं होऊन बी?"

"इतकं झालं म्हणूनच. हिच्या धाकट्या बहिणीचं लग्न हाय अजून. ही न शिकता हिथंच राहिली, तर ती यादी बी हीच करील."

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या गाडीचं तिकीट काढलं.